पश्चिमेच्या खिडक्या

डॉक्टर गद्रेबाई कुठल्याही नव्या खोलीत शिरल्या की बसायच्या आधी भिंतीला हात लावून बघायच्या. हाताची पालथी बाजू, आपण पोराच्या कपाळाला लावतो तशी. मग खिडकीच्या काचेला. मग म्हणायच्या, "इथं बसू या," नाहीतर, "इथं नको." लोकांच्या घरी गेल्या तरी हेच. यजमानांनी पुढं केलेली खुर्ची सोडून त्या दुसऱ्याच कोपऱ्यात जाऊन बसत, आणि यजमान ओशाळत. बाईंना त्याचं काही वाटत नसे.

ही सवय त्यांना आमच्या केंद्रात लागली. आल्या तेव्हा नव्हती.

दौंडपासून पुढं, भीमेकाठच्या एका गावात आमचं आरोग्य केंद्र होतं. मी तिथं नर्स होते. माझं माहेर शिरूरचं, विहारामागच्या वस्तीतलं. पुण्याला ट्रेनिंग झालं आणि इकडं नेमणूक मिळाली. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. त्याच सुमारास केंद्राला नवी इमारत मिळाली. आधीचा दवाखाना कौलारू आणि अंधारा होता, पावसात गळायचा. नवी इमारत स्लॅबची, आणि बाळंतिणींच्या वॉर्डाला रस्त्याच्या बाजूनं ओळीनं मोठ्या लोखंडी खिडक्या. काचा इतक्या मोठ्या की येणारे-जाणारे सायकलवरून उतरून बघत. रस्ता पश्चिमेला होता, म्हणून इमारतीचं तोंड पश्चिमेला. यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. मलाही नाही.

बाई उंच, हडकुळ्या. सुती पातळ जरा वर खोचलेलं, मनगटावर पुरुषी घड्याळ. दुपारचं जेवण त्या उभ्यानंच उरकायच्या. ड्रायव्हर सुट्टीवर असला तर जीप स्वतः चालवायच्या, आणि गावची पोरं जीपमागं पळत सुटायची. बोलणं तुटक. कुणी लांबण लावली की मधेच थांबवून म्हणत, "कारण सांगा, गोष्ट नको." पोराला दृष्ट लागली असं एखादी म्हणाली तर शांतपणे विचारत, "कुणाची? नाव सांग. तिला बोलावून डोळे तपासते." बायका आधी बिचकायच्या आणि मग पदराआड हसायच्या.

त्या फेब्रुवारीत आल्या. मार्चच्या शेवटाला वॉर्डातल्या तान्ह्या पोरांना ताप भरायला लागला.

ताप दुपारी चढायचा, दिवेलागणीला उतरायचा. पोरं आधी किरकिरायची, मग दमून गप्प व्हायची, ओठ कोरडे पडायचे. अंगावर घ्यायला गेलं तर ओढायची नाहीत. बाईंनी आधी आयांना धारेवर धरलं. पोरं गुंडाळून ठेवता, वेळेवर पाजत नाही, पाणी देत नाही. दुपटी सोडायला लावली, उकळलेलं पाणी चमच्यानं पाजणं सुरू केलं. ताप थोडा कमी झाला, गेला नाही.

मग दोन जावांचं भांडण झालं. एकाच घरातल्या दोघी एकाच आठवड्यात बाळंत झाल्या होत्या. थोरलीला खिडकीकडची खाट मिळाली होती, धाकटीला समोरच्या भिंतीकडची. धाकटीचं म्हणणं, हिला उजेड, हिला वारा, हिला रस्त्यावरची गंमत, आणि आम्ही भिंतीकडं तोंड करून पडायचं काय. रडारड झाली. थोरली समजूतदार. म्हणाली, "घे बाई, तू ये हितं." दोघींनी खाटा बदलल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी थोरलीचं पोर, ज्याला रोज ताप यायचा, ते ठणठणीत झोपलेलं, आणि धाकटीचं तापानं फणफणलेलं. आता धाकटी म्हणायला लागली की जावेनं काहीतरी केलं.

बाई वॉर्डाच्या मधोमध उभ्या राहून एकदा या ओळीकडं, एकदा त्या ओळीकडं बघत राहिल्या. मग खिडकीपाशी गेल्या आणि गादीवर हात ठेवला. उन्हाची तिरीप खाटेवर आडवी पडली होती. चारच्या सुमाराची, छज्ज्याच्या खालून आत शिरलेली.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "ताप पोरांना नाही. खाटांना आहे."

त्या दिवसापासून बाईंचं उन्हाशी वैर सुरू झालं. खिडकीकडच्या खाटा ओढून मधे घेतल्या, तर चालायला वाट उरेना आणि खोलीही तापलेलीच. खिडक्यांना हिरवे पडदे लावले. पडदे लावल्यावर तिरीप दिसेनाशी झाली, आणि आम्हाला वाटलं की सुटलो. बाईंनी पडद्यामागं हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला. काच आणि पडदा यांच्यामध्ये नुसती भट्टी पेटली होती. पडदाही इस्त्री केल्यासारखा गरम, आणि तीच ऊब आत सोडत होता.

"ऊन काचेतून आत आलं की ते आपल्याच घरचं झालं," त्या म्हणाल्या. "नंतर पडदा ओढून काय उपयोग?"

एव्हाना एप्रिल निम्मा सरला होता. पत्र पाठवून काही होईल एवढा वेळ नव्हता. युद्धाच्या वेळी ब्लॅकआउटसाठी लोकांनी काचांना निळा रंग फासला होता, तो बाईंना आठवला. दौंडमध्ये रेल्वेच्या वस्तीत अजूनही कुठं कुठं तशा काचा दिसत. त्यांनी रंग आणवला आणि वॉर्डाच्या सगळ्या पश्चिमेच्या काचा निळ्या करून टाकल्या. वॉर्डात विहिरीच्या तळाशी बसल्यासारखा उजेड झाला. बायकांना बरं वाटलं, डोळे निवले. काच तव्यासारखी तापायची, तरी खोलीतली तलखी बरीच उतरली. ताप येणारी पोरं कमी झाली. बाई त्या आठवड्यात पहिल्यांदा बसून जेवल्या.

त्या निळ्या उजेडात सखू नावाची एक बाळंतीण होती. धनगराच्या घरची, पण घरानं मेंढरं कधीच सोडलेली, नदीकाठी थोडी शेती. सासरे खंडूआबा रोज भाकरी घेऊन चालत यायचे, सासू वॉर्डातच राहायची. पहिलटकरीण, मुलगी झाली. नाव भागा ठेवायचं ठरलं. पोर गुबगुबीत, पण झोपाळू. पाजायला उठवावं तर दोन घोट घेऊन पुन्हा झोपायची. बाईंनी सकाळ-संध्याकाळ तपासलं. ताप नव्हता. बाकी काही दिसलं नाही.

मधे दोन दिवस मी भावाच्या लग्नाला शिरूरला गेले होते. परत आले तेव्हा सकाळची वेळ होती. म्हातारी पोरीला घेऊन मागच्या ओसरीवर आली, कोवळ्या उन्हात शेक द्यायला. मी पिशवी खाली ठेवते तोच तिनं मला हाक मारली.

"बाई, हिकडं या वं जरा. पोरगी हळदीवानी दिसतीया."

पोरगी पायाच्या तळव्यांपर्यंत पिवळी होती. मी धावत बाईंना आणलं. बाईंनी ओसरीवर पोरीला बघितलं. मग तिला उचलून वॉर्डात नेलं, निळ्या खिडकीपाशी धरलं. तिथं तिचा रंग नेहमीसारखाच दिसत होता, जरा काळसर एवढंच. बाईंनी तिला पुन्हा बाहेर आणलं, पुन्हा बघितलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. पण त्या बोलल्या एवढंच, "जीपची चावी आणा."

ड्रायव्हर न्याहारीला घरी गेला होता. त्यांनी वाट बघितली नाही. सखू मागं बसली, मांडीवर पोर, शेजारी म्हातारी. बाई स्वतः जीप घेऊन पुण्याला गेल्या. तिथल्या मोठ्या दवाखान्यात पोरीचं रक्त बदललं. पोर वाचली.

बाई दुसऱ्या दिवशी परत आल्या. हात-पाय धुतले आणि दाढीचं ब्लेड मागून घेऊन काचा खरवडायला बसल्या. मी आणि केंद्रातली आया मदतीला गेलो, तर म्हणाल्या, "तुम्ही ओपीडी बघा." दुपारपर्यंत एकट्या खरवडत होत्या. पातळावर सगळा निळा भुगा.

आठवड्याभरानं सखू पोरीला घेऊन आली. घरी सोडायच्या आधी काही दिवस बाईंना तिला डोळ्यांसमोर ठेवायची होती. खंडूआबा आले तेव्हा बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः उभ्या राहून सांगितलं, "आबा, पोरीला कावीळ झाली होती. आधी दिसायला हवी होती. मला दिसली नाही, कारण काचा निळ्या होत्या. आणि काचा मी रंगवल्या होत्या."

आबांना हे असं कुणी सांगेल याची सवय नव्हती. त्यांनी मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "तुमी गाडी हाणली नसती तर पोर ऱ्हायली नसती. आमी येवढं जाणतो."

"दोन्ही खरं आहे," बाई म्हणाल्या.

आबांनी मुंडासं पुन्हा डोक्याला बांधलं.

काचा पुन्हा स्वच्छ झाल्या, तसं ऊन पुन्हा आत आलं. मे लागला होता. सखूची खाट खिडकीकडच्या ओळीत होती. आबांनी पहिल्याच दुपारी आपली घोंगडी खिडकीच्या गजांना आतून अडकवली. बाई राउंडला आल्या, घोंगडीमागं हात घातला. हात बराच वेळ तिथंच ठेवून काहीतरी विचार करत राहिल्या.

"आबा, ही बाहेरनं टांगता येईल?"

"बाहिरनं? वाऱ्यानं उडंल की."

"खाली दगड बांधा. आणि काचेला चिकटू देऊ नका. हातभर लांब."

आबांनी छज्ज्याला दोरी बांधली, घोंगडी सोडली, खाली दोन दगड अडकवले. चार वाजता बाईंनी मला बोलावलं. वॉर्डातल्या इतर काचांना हात लावायला सांगितला. बोट ठेववेना. मग त्या घोंगडीआडच्या काचेला लावायला सांगितला. ती काच कोमट होती, एवढंच. घोंगडी बाहेर तापत होती, तिची ऊब मधल्या फटीतून वर निघून जात होती, आणि खिडकीचं एक दार उघडं ठेवलं तर थोडा उजेड नि वारासुद्धा येत होता. सखूच्या खाटेवर पोर उघड्या अंगानं झोपली होती, आणि तिच्या अंगाचा खरा रंग दिसत होता.

बाईंनी आनंद वगैरे दाखवला नाही. गावच्या बुरुडाला बोलावून घेतलं आणि बांबूचे तट्टे करायला सांगितले, प्रत्येक खिडकीला एक, वरून टांगलेला, खाली काठीनं बाहेर रेटलेला. त्याला हे काम कळेना. तो म्हणाला, "बाई, तट्टे आत लावत्यात." बाई म्हणाल्या, "घरात लाव आत. इथं बाहेर." आठवड्यात सगळ्या खिडक्या झाकल्या. इमारत रस्त्यावरून गुऱ्हाळासारखी दिसायला लागली. गावातल्या पुढाऱ्यांची मनं दुखावली. एवढी शोभेची इमारत, आणि बाईनं तिला झोपडी केली.

तापाची पोरं त्या मेमध्ये जवळजवळ दिसेनाशी झाली.

तक्रार वर गेली, आणि जूनच्या तोंडाला बांधकामाचे इंजिनिअर आले. मध्यम वयाचे, सौम्य गृहस्थ, घाम पुसत जीपमधून उतरले. त्यांनी बाईंना नीट समजावून सांगितलं. नकाशा मुंबईहून आलेला, सगळ्या जिल्ह्यात हाच. इमारतीला बाहेरून काही जोडायला परवानगी लागते. उद्घाटन व्हायचं आहे, फोटो निघणार. आणि खिडक्यांवर छज्जा दिलेला आहेच.

"छज्जा आहे," बाई म्हणाल्या. "दुपारी बारा वाजता तो फार चांगलं काम करतो. तेव्हा ऊन डोक्यावर असतं, खिडकीकडं बघतही नाही. तीननंतर ते छज्ज्याच्या खालून येतं. तुमचा छज्जा तेव्हा वर टांगलेला असतो."

"आता काय करायचं म्हणता?"

"एक तट्टा काढू. तुम्ही चहा घ्या."

त्यांनी खरोखरच एका खिडकीचा तट्टा काढायला लावला आणि तिथंच इंजिनिअरसाहेबांना खुर्ची दिली. चहा यायला वेळ लागला. बाई त्यांना आलेल्या औषधांच्या खोक्यांबद्दल सांगत राहिल्या, विहिरीच्या पाण्याबद्दल सांगत राहिल्या. साहेब ऐकत होते. थोड्या वेळानं त्यांनी खुर्ची जराशी मागं घेतली. मग आणखी. चहा आला तेव्हा ते वॉर्डाच्या मध्यावर पोचले होते.

बाईंनी कप त्यांच्या हातात दिला. "तुम्ही खुर्ची हलवलीत," त्या म्हणाल्या. "पाळण्यातलं पोर हलवू शकत नाही."

साहेबांनी कप हातात धरून खिडकीकडं बघितलं. पडेल चेहरा वगैरे झाला नाही त्यांचा. ते हसले, आणि चहा संपवून बाहेर जाऊन तट्ट्यांची रचना बारकाईनं बघून आले. काठीनं हातभर अंतर का ठेवलंय हे त्यांना न सांगता समजलं. जाताना म्हणाले, "उद्घाटनाच्या दिवशी सकाळी काढा, फोटो झाला की लावा. पावसाळ्यानंतर मी काहीतरी बघतो." बाई तयार झाल्या. मला वाटलं होतं की त्या हटून बसतील. पण म्हणाल्या, "सकाळी खिडक्यांवर ऊन नसतं. काढू की."

साहेबांनी शब्द पाळला. दिवाळीनंतर खिडक्यांच्या बाहेर, हातभर अंतर सोडून, विटांची जाळीची भिंत उभी राहिली. कागदोपत्री तिला काय नाव दिलं कोण जाणे. त्या भिंतीपलीकडं बाईंनी शेवग्याची रोपं लावली. बायका शेंगांसाठी भांडायच्या.

भागाचं मात्र वेगळंच निघालं.

बाई महिन्याकाठी सखूच्या घरी जायच्या. जीप त्या बाजूला निघाली की वळण घेऊन जायच्याच. पोर चांगली अंग धरत होती, रांगत होती, हसत होती. एकदा आम्ही लस द्यायला वस्तीवर गेलो होतो. भागा अंगणात पाठमोरी बसून मातीत खेळत होती. बाईंनी माझ्या हातातून स्टीलचा ट्रे घेतला आणि तिच्या मागं ओट्याच्या फरशीवर टाकला. कुत्रं उठून पळालं. घरातून सखू बाहेर आली. भागानं मान वर केली नाही. बाईंनी ट्रे उचलला आणि दुसऱ्यांदा टाकला.

मग सखूला शेजारी बसवलं. "हिला ऐकू येत नाही. त्या काविळीनं झालंय."

सखू बराच वेळ पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. म्हणाली, "मला वाटायचं, आमच्या आत्याबाईवानी हट्टी हाय."

"हट्टी असली तर बरंच आहे," बाई म्हणाल्या. 

पुढं वर्षभरात त्यांची शिरूरला बदली झाली. निरोप समारंभ त्यांनी होऊ दिला नाही. सामान टेम्पोत चढलं, त्यांनी एकदा वॉर्डातून चक्कर मारली, खिडकीकडच्या एका बाळंतिणीला दुपटं सैल करायला सांगितलं, आणि गेल्या. नंतर कळलं की सखूचं माहेर शिरूरकडचंच, आणि बाईंनी आबांशी बोलून भागाला आजोळी ठेवायची व्यवस्था केली आहे. बाईंना ती डोळ्यांसमोर हवी होती, हे मला तेव्हा उमगलं नव्हतं. पोरीला आईपासून तोडली असं गावात काहीजण बोलायचे. सखू बोलायची नाही.

मी बाईंना शेवटचं पाहिलं ते शिरूरच्या स्टँडवर. मी माहेरी आले होते, दौंडची गाडी लागायची होती. शाळा सुरू व्हायचे दिवस. पुण्याच्या गाडीत खिडकीपाशी बाई बसल्या होत्या, केस आता बरेच पांढरे. शेजारी पाच-सहा वर्षांची मुलगी, तेल लावून घट्ट दोन वेण्या, नवा गणवेश, मांडीवर पत्र्याची छोटी पेटी. मी गाडीत चढून गेले. बाईंनी मला ओळखलं, पण नुसती मान हलवली, कारण त्या कामात होत्या.

"बहिऱ्या मुलांची शाळा आहे पुण्यात," त्या म्हणाल्या. "जागा मिळाली. राहायची सोय आहे. आता पाणी मागता यायला हवं, नाहीतर तहानेली राहील."

त्यांनी भागाचा हात धरून आपल्या गळ्यावर ठेवला आणि तोंड मोठं करून म्हणाल्या, "पाणी." भागा त्यांच्या ओठांकडं एकटक बघत होती. बाईंनी मग तिचाच हात तिच्या स्वतःच्या गळ्यावर ठेवला. भागानं तोंड उघडलं. आवाज आला, पण शब्द नव्हता. मागच्या बाकावरचा एक म्हातारा पुढं वाकून बघायला लागला. बाईंनी तिचा हात पुन्हा आपल्या गळ्यावर घेतला.

कंडक्टरनं घंटी मारली, तशी मी खाली उतरले. गाडी हलली तेव्हा खिडकीत बाईंचा ताठ गळा, त्यावर तो लहानसा हात, आणि उघडझाप होणारे त्यांचे ओठ दिसत होते. पाणी. पाणी. गाडी पुण्याच्या रस्त्याला लागेपर्यंत त्या म्हणत होत्या, आणि मुलगी बघत होती.